प्रदर्शनी जेट विमानांच्या प्रतिकृती आणि रंगाच्या बिनचूकपणाचा प्रश्न

हवाई कसरतींच्या पथकांतील जुन्या जेट विमानांच्या लघुप्रतिकृती करणाऱ्यांमध्ये रंगाच्या बिनचूकपणावरून जितका वाद होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. पंखाची लांबी, चाकाचा व्यास किंवा शेपटीचा कोन आराखड्यावरून मोजून ठरवता येतो. रंगाला मात्र क्रमांक असतो, नमुनापट्टी असते, छायाचित्रे असतात, आणि एवढे सगळे असूनही दोन जाणकारांनी केलेल्या एकाच विमानाच्या प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर त्यांचे लाल रंग जुळत नाहीत. रणांगणावरच्या विमानाच्या कॅमोफ्लाजमध्ये छटेची थोडी चूक खपून जाते, कारण ऊन, धूळ, तेल आणि घाईघाईने केलेली डागडुजी यांमुळे मूळ विमानातच तो रंग एकसारखा राहिलेला नसतो. प्रदर्शनी पथकाच्या विमानाला ही सवलत मिळत नाही. त्याचा सगळा रुबाब एका भडक, तुकतुकीत रंगावर उभा असतो, आणि तो रंगच पथकाचे नाव होऊन बसतो: ब्लॅक ॲरोज, ब्लू डायमंड्स, यलोजॅक्स, रेड ॲरोज, ब्लू एंजल्स. साहजिकच प्रतिकृती पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा रंगावर जाते आणि चूक असेल तर तिथेच अडते.

या वादात पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता क्रमांक?’ असा असतो, म्हणून क्रमांकांची पद्धत आधी समजून घेणे सोयीचे आहे. अमेरिकेत १९५६ साली ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ नावाची रंगांची सरकारी मानक यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रत्येक रंगाला पाच अंकी क्रमांक असून पहिला अंक चकाकी सांगतो (१ म्हणजे तुकतुकीत, २ म्हणजे अर्धचकाकी, ३ म्हणजे निस्तेज), दुसरा अंक रंगाचा गट सांगतो (१ लाल, ३ पिवळा, ५ निळा, ६ करडा), आणि उरलेले तीन अंक त्या गटात गडदाकडून फिक्याकडे जाणारा ढोबळ क्रम दाखवतात. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स पथकाचा निळा या यादीत १५०५० आहे, म्हणजे हा क्रमांक नुसता वाचला तरी तो तुकतुकीत, निळा आणि बराच गडद असल्याचे कळते. ही यादी २०१७ मध्ये अधिकृतरीत्या मागे पडून तिची जागा दुसऱ्या मानकाने घेतली, तरी प्रतिकृतिकारांच्या तोंडी जुनेच क्रमांक आहेत. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश स्टँडर्ड ३८१ सी’ या यादीचे तीन अंकी क्रमांक चालतात आणि त्यांना नावेही असतात: ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ५३८ म्हणजे पोस्ट ऑफिस रेड. भारतीय वाचकाला हे क्रमांक परके वाटण्याचे कारण नाही, कारण भारतीय मानक ‘आयएस ५’ या तयार रंगांच्या यादीत हीच नावे आणि हेच क्रमांक पुष्कळ अंशी जसेच्या तसे आले आहेत. यंत्रांचे किंवा कारखान्यांचे रंगकाम करणारा माणूस ‘सिग्नल रेड ५३७’ किंवा ‘डार्क ॲडमिरल्टी ग्रे ६३२’ म्हटल्याबरोबर काय ते ओळखतो.

क्रमांक सापडला म्हणजे प्रश्न सुटला, हा समज मात्र फार काळ टिकत नाही. मानक ही रंग पुरवणाऱ्याने गाठायची खूण असते. पुरवलेला प्रत्येक डबा तिच्याशी तंतोतंत जुळतो असे नाही, आणि जुळला तरी तो विमानावर कोणत्या अस्तरावर, किती थर देऊन चढवला यावर दिसणे अवलंबून राहते. प्रतिकृतींच्या रंगांचे उत्पादक आपल्या बाटलीवर जो क्रमांक छापतात तो त्यांनी साधलेला मेळ असतो, आणि एकच क्रमांक मिरवणाऱ्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत डोळ्यांना सहज जाणवेल इतका फरक असू शकतो. त्यातच दोन रंग दुपारच्या उन्हात एकसारखे दिसून ट्यूबलाइटखाली वेगळे दिसतात असा अनुभव येतो. वेगवेगळी रंगद्रव्ये वापरून एकच छटा साधलेली असली की असे होते, कारण प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातील निरनिराळ्या तरंगलांबी आपापल्या परीने परतवते. एका प्रकाशात जमलेला मेळ दुसऱ्या प्रकाशात मोडतो. म्हणून नमुनापट्टी आणि रंगवलेला तुकडा यांची तुलना, प्रतिकृती ज्या प्रकाशात ठेवायची आहे त्याच प्रकाशात करावी, हा जुन्या हातांचा सल्ला वरवर क्षुल्लक वाटला तरी पक्का आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रदर्शनी विमानाच्या बाबतीत छटेच्या आधी तारीख ठरवावी लागते. ब्रिटिश हवाई दलाच्या १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची काळी हंटर विमाने १९५७ पासून ब्लॅक ॲरोज म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९५८ च्या फार्नबरो प्रदर्शनात रॉजर टॉप यांच्या नेतृत्वाखाली तब्बल २२ हंटर विमानांनी एकत्र फेर घेऊन जो विक्रम केला, तो आजही या क्षेत्रातील मानदंड मानला जातो. पण एका स्क्वाड्रनकडे एवढी विमाने नसतात. संख्या भरण्यासाठी बाहेरून विमाने आणि वैमानिक घ्यावे लागले. त्यामुळे ‘त्या फेरीतील विमान’ करायचे असेल तर ते पथकाचे नेहमीचे विमान होते की त्या कार्यक्रमापुरते आणलेले, हे विमानाचा अनुक्रमांक पाहून ठरवल्याखेरीज त्याच्या खुणांविषयी काहीच ठामपणे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये हा मान ९२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेला आणि हंटर निळी झाली. १९६४ मध्ये वेल्समधील व्हॅली येथील तळावर ली जोन्स या वैमानिकाने, जो आधी ब्लॅक ॲरोजमध्ये उडाला होता, पिवळ्या नॅट विमानांचे यलोजॅक्स पथक उभे केले. आणि १९६५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली रेड ॲरोज हे नवे पथक सुरू झाले तेव्हा नॅट लाल झाली. पहिल्या मोसमात सात विमाने, १९६८ पासून कायमची नऊ, १९७९ मध्ये नॅटची निवृत्ती आणि पुढच्या मोसमापासून हॉक, असा हा क्रम आहे. या पंधरा वर्षांत नॅटवरील पट्टे, अक्षरे आणि शेपटीवरील खुणा बदलत गेल्या. तेव्हा ‘रेड ॲरोजचे नॅट’ एवढ्या वर्णनावरून कोणतेही एक विमान उभे राहत नाही; मोसम सांगितला की मगच प्रश्नाला अर्थ येतो.

अमेरिकी थंडरबर्ड्स पथकाचा इतिहास या दृष्टीने आणखी बोलका आहे. १९५३ मध्ये एफ-८४ विमानांवर सुरू झालेले हे पथक १९५६ पासून एफ-१०० सुपर सेबरवर आले, १९६४ मध्ये सहाच प्रदर्शनांपुरते एफ-१०५ वापरून पुन्हा एफ-१०० कडे परतले, आणि १९६९ मध्ये एफ-४ फँटमवर गेले. तोवर त्यांची विमाने चमकत्या उघड्या धातूची असत आणि त्यावर लाल, पांढरे, निळे पट्टे असत. फँटमच्या सांगाड्यात निरनिराळे मिश्रधातू इतके शेजारी शेजारी आले होते आणि वेगामुळे होणारा रंगबदल इतका होता की उघड्या धातूची जुनी पद्धत सोडून संपूर्ण विमानाला पॉलियुरेथेन जातीचा पांढरा तुकतुकीत रंग देण्यात आला. पुढे १९७४ मध्ये, इंधनटंचाईच्या काळात, टी-३८ सारखे लहान विमान आले तरी पांढरा रंग टिकला. आज थंडरबर्ड्स म्हटले की डोळ्यांसमोर पांढरे विमान येते, याचे मूळ असे एका विशिष्ट विमानाच्या धातूंमध्ये आहे. आणि या पार्श्वभूमीची कल्पना नसलेला प्रतिकृतिकार सुपर सेबरसुद्धा पांढरे रंगवून मोकळा होतो.

तारीख ठरली की पुराव्याकडे वळावे लागते, आणि तिथे छायाचित्र हा सर्वांत मोठा आधार असून सर्वांत मोठा फसवा साक्षीदारही आहे. १९५० च्या दशकातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. आकाश गडद येऊन ढग उठून दिसावेत म्हणून छायाचित्रकार भिंगावर पिवळी किंवा नारिंगी काच लावत, आणि त्या काचेमुळे आकाशाबरोबर विमानाचा निळाही काळपट येई. म्हणून गडद निळी आणि काळी हंटर कृष्णधवल चित्रात एकमेकींच्या फार जवळ जातात. त्यांचा निवाडा रंगावरून न करता खुणांवरून करावा लागतो. रंगीत फिल्ममध्ये कोडॅक्रोमच्या पारदर्शिका अंधारात ठेवल्या असतील तर दशकानुदशके बऱ्यापैकी टिकतात. त्याच काळातील इतर अनेक फिल्म मात्र आपला हिरवट-निळा रंजक गमावून तांबूस होत जातात, आणि मग साधा लालही त्यांत किरमिजीकडे झुकलेला दिसतो. नियतकालिकात छापलेल्या चित्राची तर आणखी वेगळी गत, कारण चार शाईंच्या छपाईला अतिगडद निळा आणि झगझगीत नारिंगी साधतच नाहीत. एका चित्रावर विसंबून छटा ठरवण्यापेक्षा, चित्रातील ज्या वस्तूंचा रंग पक्का माहीत आहे, उदाहरणार्थ गोलचिन्हातील पांढरा भाग, धावपट्टीचे काँक्रीट किंवा माणसाची त्वचा, त्यांच्याशी विमानाचा रंग ताडून पाहणे अधिक विश्वासाचे असते.

प्रत्यक्ष विमान पाहून येणे हा तरी अंतिम उपाय असावा, अशी अपेक्षा असते. परंतु जतन केलेली विमाने पुन्हा पुन्हा रंगवलेली असतात, आणि रंगवणाऱ्याने जवळच्या दुकानात मिळणारा जवळपासचा रंग वापरला असण्याची शक्यता नेहमीच असते. त्यातही उडत्या स्थितीत राखलेल्या खासगी विमानांचा गोंधळ वेगळा. त्यांपैकी काहींवर मालकाच्या आवडीचा किंवा प्रायोजकाचा रंग येतो, काहींवर एखाद्या गाजलेल्या पथकाचा रंग स्मरणार्थ चढवला जातो, तर काहींवर चक्क दुसऱ्याच विमानाचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. ब्रिटनमधील सी व्हिक्सन जातीचे एक्सपी ९२४ हे विमान काही काळ रेड बुल या पेयाच्या जाहिरातीच्या रंगांत आणि नंतर पुन्हा नौदलाच्या रंगांत उडाले. यातले ‘खरे’ कोणते, हा प्रश्न निरर्थक आहे. दोन्ही खरे आहेत, आपापल्या वर्षांपुरते. मात्र दोन आसनांच्या प्रशिक्षण हंटरवर ब्लॅक ॲरोजचा काळा रंग पाहून तो जसाच्या तसा एका आसनाच्या हंटरवर उतरवणारा माणूस एका स्मरणविमानाची प्रतिकृती करत असतो, मूळ पथकाच्या विमानाची नव्हे.

यानंतर येतो तो प्रमाणपरिणामाचा मुद्दा, ज्यावर गेल्या काही दशकांत भरपूर शाई खर्ची पडली आहे. मांडणी अशी की दूरचे डोंगर जसे हवेतील धूसरपणामुळे फिके दिसतात, तसे लहान प्रतिकृती म्हणजे दूरवरून पाहिलेले विमान असल्याने तिचा रंगही फिका असावा, आणि त्यासाठी १/७२ प्रमाणात मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळावा. कल्पना आकर्षक आहे, पण हिशेबाला टिकत नाही. १/७२ प्रमाणाची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान २१.६ मीटरवरून पाहणे. १/४८ साठी हे अंतर १४.४ मीटर आणि १/३२ साठी ९.६ मीटर येते. हवा इतकी बेताची असली की २० किलोमीटरपर्यंतच दिसते असे धरले, तरी २१.६ मीटरच्या अंतरात धूसरपणाने होणारा फरक अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही. मग तंतोतंत रंगवलेली प्रतिकृती काळपट का वाटते? याचे कारण प्रकाशात आहे. भर उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो, घरातल्या दिवाणखान्यात काही शे. आणि उजेड कमी झाला की डोळ्याला तोच रंग केवळ गडद नव्हे तर कमी रसरशीतही भासतो. म्हणजे पांढरा मिसळून गडदपणाची भरपाई होते पण रसरशीतपणा उलट आणखी घटतो. करड्या कॅमोफ्लाजला हे चालून जाते. लाल नॅटमध्ये पांढरा मिसळला की ती गुलाबी होते, आणि गुलाबी रेड ॲरोज कोणालाच नको असते. लाल उजळायचा तर किंचित नारिंगी किंवा पिवळा घालून, निळा उजळायचा तर त्याच गटातील अधिक उजळ निळा घालून, आणि काळ्याच्या जागी अगदी गडद निळसर करडा वापरून जे साधते, ते टक्केवारीच्या सूत्राने साधत नाही.

चकाकी हा रंगाइतकाच आणि अनेकदा रंगापेक्षा मोठा भाग आहे, हे या विषयावरील लिखाणात पुरेसे ठासून सांगितले जात नाही. १९५० च्या दशकातील सेल्युलोज आणि इनॅमल जातीचे रंग घासून चमकवावे लागत, आणि काही महिन्यांच्या उन्हापावसाने त्यांच्या पृष्ठभागातील बंधक द्रव्य झिजून रंगावर बारीक भुकटी येई; पॉलियुरेथेन रंगांची ओलसर वाटणारी चमक त्यानंतरची. म्हणून १९५८ ची काळी हंटर आणि १९७० ची पांढरी फँटम यांना एकाच वार्निशाने चमकवणे हा कालविपर्यास ठरतो. शिवाय प्रतिकृतीवरची चमक प्रमाणात लहान होत नाही. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळींमधील बारीक उंचसखलपणा असतो, प्रत्येक पत्रा आकाश थोडे वेगळे परतवतो, आणि काळ्या विमानाचा निम्मा ‘काळा’ प्रत्यक्षात आकाशाचा निळसर करडा असतो. प्रतिकृतीचे प्लास्टिक मात्र काचेसारखे सपाट असते आणि त्यावर खिडकीचे अख्खे प्रतिबिंब उमटते. त्यामुळे पूर्ण तुकतुकीत वार्निशापेक्षा एक पायरी खाली, तुकतुकीत आणि सॅटिन यांच्या मधला शेवटचा थर बहुधा अधिक पटतो. जाडीचाही विचार करावा लागतो. अस्तर, रंग, डेकल (पाण्यात सोडवून चिकटवायच्या छापील खुणा) आणि वार्निश मिळून ०.०५ मिलिमीटरचा थर झाला, तर १/७२ प्रमाणात तो खऱ्या विमानावरच्या ३.६ मिलिमीटर जाड लेपासारखा होतो, आणि बारीक कोरलेल्या पॅनेल रेषा त्यात बुजतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत लॅकर जातीचे रंग आणि वार्निश एअरब्रशने मारताना हवेतील बाष्प थरात अडकून पांढुरकी झाक येते, ही अडचण इथल्या प्रतिकृतिकारांना सूचनापत्रकांपेक्षा चांगली ठाऊक आहे.

या सगळ्याचा कस लागतो तो लाल रंगात. लाल रंगद्रव्ये बहुधा अर्धपारदर्शक असतात, त्यामुळे खालचा रंग वर डोकावतो. करड्या अस्तरावर मारलेला लाल मळकट तपकिरी दिसतो, पांढऱ्यावर तोच टोमॅटोसारखा उजळ येतो, आणि फिक्या गुलाबी अस्तरावर त्याला खोली मिळते, तीही कमी थरांत. नॅटवर पांढऱ्या खुणा आहेत. त्यासाठी पांढरा आधी मारून, तो पुरता वाळल्यावर मास्किंग टेपने झाकून, मग लाल मारणे हा क्रम सोयीचा पडतो, कारण उलट केले तर लालातील रंजक वरच्या पांढऱ्यात झिरपून त्याला कालांतराने गुलाबी करतो. टेप काढल्यावर राहणारी रंगाची कड बोटाला लागते. ती दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात भिजवून बसवल्याशिवाय वार्निश लावले तर शेवटी ती उजेडात उठून दिसतेच. डेकलमधील पांढरा लाल पृष्ठभागावर पुरेसा झाकणारा नसतो, आणि डेकलवरचा छापील लाल तर बाटलीतील लालाशी क्वचितच जुळतो. म्हणून शेपटीवरील तिरंगी पट्ट्यासारख्या मोठ्या जागा रंगवून घेऊन डेकल फक्त अक्षरांपुरते ठेवणे शहाणपणाचे. यलोजॅक्सच्या पिवळ्याला हेच सगळे लागू आहे, फक्त करड्या अस्तरावर पिवळा मळकट न होता हिरवट होतो.

चंदेरी विमानांत वेगळाच सापळा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अनेक ब्रिटिश जेट विमानांचा चंदेरी हा उघडा धातू नसून ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला रंग होता, एकसारखा आणि किंचित दाणेदार. त्याला आरशासारखा चमकवणे चूक. याउलट ब्रिटिश लाइटनिंग किंवा अमेरिकी सुपर सेबर यांचा पत्रा खरोखर उघडा असे आणि त्यात मिश्रधातूगणिक छटा बदलत. सुपर सेबरचा शेपटीकडचा भाग तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळण्याची व्यवस्था, वारंवार वापरल्याने तिथला धातू तापून त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि पापुद्र्याच्या जाडीनुसार प्रकाश वेगवेगळ्या रंगांत परततो. पोलादात अडीचशे अंश सेल्सिअसच्या आत गवती पिवळा, त्यापुढे जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा असा क्रम दिसतो. म्हणून हे डाग मनाला येतील तसे फवारले तर नजरेला लगेच खटकतात. पिवळा थंड बाजूला, निळा तापलेल्या बाजूला, आणि पत्र्याच्या जोडापाशी अचानक खंड, ही शिस्त पाळली की पारदर्शक रंगांचे तीन-चार विरळ फवारेही पुरतात.

झगझगीत नारिंगी, ज्याला त्याच्या अमेरिकी व्यापारी नावावरून डे-ग्लो म्हणतात, तो प्रशिक्षण विमाने दुरून दिसावीत म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. हा रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो नारिंगी होऊन बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्यावर पडलेल्या नारिंगी प्रकाशाहून जास्त नारिंगी तो परत देतो. कोणताही साधा रंग त्याची बरोबरी करू शकत नाही. तो पांढऱ्या अस्तराशिवाय उठत नाही आणि उन्हात काही महिन्यांतच फिका पडतो. मोसमाच्या सुरुवातीचे आणि अखेरचे तेच विमान दोन वेगळ्या रंगांचे दिसे ते यामुळे.

मळवण्याच्या बाबतीत संयम हवा. प्रदर्शनी विमाने हिवाळ्यात दुरुस्त होऊन, पुन्हा रंगून मोसमाला सज्ज होत आणि मोसमभर जमिनीवरील पथक ती पुसून ठेवी. त्यांच्या प्रत्येक पॅनेल रेषेत काळा वॉश भरणे म्हणजे त्या माणसांच्या कामावर पाणी फिरवणे. १/७२ प्रमाणात ०.२ मिलिमीटरची रेषा खऱ्या विमानावर दीड सेंटिमीटरच्या फटीएवढी होते, हे लक्षात घेता ती काळी न करता मूळ रंगाच्याच गडद छटेने भरलेली बरी. अपवाद धुराचा. प्रदर्शनातील पांढरा धूर इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडून करतात, रंगीत धुरासाठी त्यात रंजक मिसळतात, आणि हे तेलकट मिश्रण शेपटीच्या खालच्या बाजूला मागे वाहत गेलेल्या पट्ट्यांच्या रूपाने चिकटते. एवढा एक डाग नीट जमला तर विमान ‘उडून आलेले’ वाटते. वैमानिकाची खोली, चाकांच्या खोबणी, आसनांवरील लाल इशारा-त्रिकोण यांच्याबाबत फारसा वाद नाही. ब्रिटिश विमानांत आतला भाग बहुधा काळा, अमेरिकी विमानांत डार्क गल ग्रे ३६२३१, आणि त्यात पथकांनी फारसे बदल केलेले दिसत नाहीत.

भारतीय पथकांच्या प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे हाच प्रश्न अधिक अवघड होऊन उभा राहतो. हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९८२ मध्ये, २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून हंटर एफ-५६ ए विमानांचे थंडरबोल्ट्स पथक निघाले, निळ्या-पांढऱ्या रंगाचे आणि नऊ विमानांचे; १९९६ मध्ये बीदरला किरण मार्क २ विमानांवर सूर्यकिरण पथक उभे राहिले आणि २०११ पर्यंत ते याच विमानावर उडाले; आणि गोव्यातील आयएनएस हंसा तळावर नौदलाने २००३ मध्ये चार किरण विमानांचे, गडद निळ्या-पांढऱ्या रंगाचे सागर पवन पथक सुरू केले, जे मार्च २०१० मध्ये हैदराबादच्या प्रदर्शनातील अपघातानंतर थांबले. नॅट, इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी पथकाचे निळे जी-९१ आणि किरण मार्क २ या तिन्हींच्या पोटात ऑर्फियस हे एकाच जातीचे इंजिन, पण कागदपत्रांची श्रीमंती तिघांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. ब्रिटिश आणि इटालियन पथकांवर मोसमवार चित्रे, डेकल आणि मापांची पुस्तके निघाली. भारतीय पथकांसाठी प्रतिकृतिकाराला अजूनही प्रेक्षकांनी काढलेल्या छायाचित्रांवर भागवावे लागते. किट निवडतानाच घोळ होतो, कारण भारतीय हवाई दलाने वापरलेले नॅट एका आसनाचे लढाऊ विमान होते आणि रेड ॲरोजचे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान, आणि एकाच्या किटमधून दुसरे निघत नाही.

या परिस्थितीत वर सांगितलेली तपासणीची रीत इथेही लावता येते. थंडरबोल्ट्सचा निळा शोधताना आयएस ५ मधील निळ्यांपासून सुरुवात करणे, हवाई दलाच्या गोलचिन्हातील केशरी, पांढरा आणि हिरवा ज्या छायाचित्रात बरोबर आले आहेत तेवढीच छायाचित्रे निळ्यासाठी ग्राह्य धरणे, आणि १९८० च्या दशकातील तांबूस पडलेले छापील फोटो बाजूला ठेवणे, एवढ्याने शक्यता बऱ्याच कमी होतात. खऱ्या विमानाचा पुरावा हवा असेल तर तो बाहेरच्या पत्र्यावर शोधण्यात अर्थ नाही. दाबोळीजवळ बोगमाळ्याच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक आणि व्हँपायरसारखी जुनी जेट विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. तशा जागी उभ्या विमानाला दर काही वर्षांनी नवा रंग द्यावाच लागतो, आणि तो देताना छटेपेक्षा गंज थांबवण्याला महत्त्व असते. मूळ रंग सापडला तर तो अशा विमानाच्या झडपांच्या आतल्या कडांवर, पंखाच्या सांध्यात किंवा इंजिनाच्या झाकणाखाली सापडतो, जिथे ऊन पोहोचलेले नाही आणि नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रशही. संग्रहालयाच्या परवानगीने अशा एका कडेचा, शेजारी नमुनापट्टी धरून, ढगाळ दिवसाच्या उजेडात घेतलेला फोटो दहा हवाई प्रदर्शनांच्या अल्बमपेक्षा अधिक काही सांगून जातो. पुढचे रंगकाम सुरू होण्याआधी तो घेतलेला असावा, एवढेच.